पाणी कुठलं

चित्र सापडलं एका लिलावाच्या यादीत.
हातभर रुंद, वीतभर उंच,
खाली पेन्सिलीनं गिचमिड : मोहघाट, वैनगंगेवर, जानेवारी.
साल अठराशे अठ्ठावीस की अडतीस,
तिसऱ्या आकड्यावर कसर लागलेली.
मूळ कागद विलायतेत कुणाच्या तरी जिन्यात टांगलेला,
माझ्याकडे कॉम्प्युटर सेंटरातली रंगीत प्रिंट.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, मला काय दिसणार?
लांबच्या टेकड्या निळ्या होत जातात, ते दिसलं.
ओल्या कागदावर मोकळं सोडलेलं आकाश,
त्यात ढग, लोकर न कातरलेले.
पुसात असले ढग आमच्याकडे येत नाहीत.
ते त्यानं घरून आणले असणार,
पेटीत, पत्रांच्या गठ्ठ्याशेजारी.

डावीकडे एक पडकी कमान, तिच्यावर वेल.
मोहघाटात कमान कधीच नव्हती.
पण दुसरी प्रत ग्रामपंचायतीत लागल्यापासून
पोरं धानाच्या बांध्यांत तिचा पाया शोधतात,
आणि उपसरपंच निंबाजी म्हणतो,
होती. आजा सांगायचा.

मग दसरू मारबतेकडे नेलं.
ओलं जाळं मांडीवर, दोरा दातात.
चष्मा नाही, कागद हातभर लांब धरला.
कमानीकडे बघितलंच नाही, ढगांकडेही नाही.
"हा बसला व्हता पल्याड, हत्तीगोट्यावर.
रेती पाह्य ना, तिथूनच अशी वळलेली दिसे."
हत्तीगोटा धरणाच्या पाण्यात बुडून बारा वर्षं झाली,
रेतीही त्याच्याबरोबर.
"अन् दोपार हाय. डोंग्याची सावली डोंग्याखालीच."
मी संध्याकाळ समजत होतो,
त्या पिवळट धुक्यामुळे.
"धुकं नाई जी. कोनाच्या तरी खऱ्यात चुरना चालू हाय."

रेतीवर बोट ठेवून : "इथं काहून काईच नाई लावलं?"
मी म्हणालो, जलरंगात पांढरं लावत नाहीत,
कागदच सोडतात.
"हौ. जाळ्यातबी कामाचं भोकच."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं,
"रंग कायात कालवला यानं?"
पाण्यात.
"कोनत्या पान्यात?"

वीस वर्षं झाली मला शिकवून.
फिकट छटेला पाणी जास्त, गडद छटेला कमी,
पाणी बदला रे, गढूळ झालं.
एकाही पोरानं हे विचारलं नाही,
आणि मीही कुणाला नाही.

उजव्या कोपऱ्यात एक माणूस आहे.
कुंचल्याचे दोन फटकारे, वर लाल ठिपक्याचं पागोटं,
पाठमोरा, काखेत मडकं.
अशी माणसं चित्रात नजर टेकायला ठेवतात,
मीही पोरांना सांगतो, एखादा माणूस टाका तिथं.
दसरूनं त्याच्याखाली नख टेकवलं.
"यानं आनलं."

म्हणजे तो गुडघाभर नदीत शिरला असेल,
शेवाळ हातानं बाजूला सारून, धार निवळेपर्यंत थांबून.
मडकं गोट्यापाशी ठेवलं असेल.
मग नदी थेंबाथेंबानं चढली असेल कुंचल्यावर,
टेकड्यांत गेली, डोंग्यात गेली,
त्या परक्या ढगांतही आमचंच पाणी,
कमान उभी राहिली तीही त्याच पाण्यावर.
आणि काम झाल्यावर साहेबानं खूण केली असेल,
जा, तिकडे जाऊन उभा राहा,
तोंड तिकडे.

त्याचं नाव यादीत नाही.
दसरूला विचारलं, कोण असेल?
तो जाळ्याचा दोरा दातानं तोडत म्हणाला,
"पाठीवरून कसं सांगू?"

कागद परत दिला तेव्हा
त्याचा ओला अंगठा कमानीवर उमटलेला.
प्रिंटची शाई, पसरत गेली,
वेल आधी, मग दगड,
सगळं मिळून एक तपकिरी डबकं.
मी ते उन्हात धरून उभा राहिलो.
आता निंबाजीला काय सांगायचं?